डिस्कची माहिती मागणारा प्रत्येक जण चोर नसतो

प्रति,
मा. संपादक,

विषय : संगणकातील दोष शोधण्यासाठी वापरकर्त्यांकडून मागितली जाणारी यंत्राची माहिती

महोदय,

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळपास रोज येतात. माझ्या दुकानात येणाऱ्या पुष्कळ ग्राहकांना '१९३०' हा तक्रारीचा क्रमांक आता पाठ आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या सावधगिरीपायी एक वेगळेच नुकसान होऊ लागले आहे. संगणकातील एखादा खराखुरा दोष दुरुस्त करायला बसलेला प्रोग्रामर आपल्याला यंत्राची माहिती विचारतो, तेव्हा आपण त्यालाही भामट्यांच्याच रांगेत उभे करतो. त्याविषयी चार शब्द लिहावेत, या हेतूने हे पत्र पाठवत आहे.

मी कराडमध्ये गेली अठरा वर्षे संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका माध्यमिक शाळेतील शिक्षिका दुकानात आल्या. शाळेच्या कार्यालयातील संगणकावर लिनक्स (विंडोजसारखी, पण विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली) आहे आणि निकालपत्रके, दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, स्नेहसंमेलनाचे फोटो हे सारे केसिंगमध्ये बसवलेल्या एका हार्ड डिस्कवर, यूएसबी केबलने जोडून, जपून ठेवले जाते. लहान फाइल त्या डिस्कवर बिनबोभाट जात. चार-पाच जीबीची फाइल टाकली की मात्र ती निम्म्यावर थांबे, मिनिटभर काहीच हलत नसे आणि मग डिस्कच पडद्यावरून नाहीशी होई. केबल काढून परत घातली की जणू काही घडलेच नव्हते. बाईंच्या भाच्याने ही तक्रार लिनक्समधील संबंधित ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्यांकडे इंग्रजीत लिहून पाठवली होती आणि चार दिवसांत तिला उत्तरही आले होते. त्या उत्तरात दुरुस्ती नव्हती, सहा प्रश्न होते. बाईंनी त्याची छापील प्रत आणली होती आणि उत्तरपत्रिका तपासावी तशा 'सिरियल नंबर' व 'संपूर्ण लॉग' (संगणकाने स्वतः लिहिलेली घडामोडींची नोंद) या शब्दांखाली लाल शाईने दोन-दोन रेघा ओढल्या होत्या. "दादा, हे सगळं पाठवलं तर शाळेच्या खात्याला काही होणार नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक मार्मिक होता : "दोष त्यांच्या प्रोग्रॅममध्ये आहे, मग माहिती माझी कशाला?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना काउंटरवर उभ्या-उभ्या दिले, पण ते अपुरे होते. म्हणून ते येथे नीट मांडतो.

संगणकाची कार्यप्रणाली डिस्कशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम असतो. डिस्क, डिस्कच्या पोटातील फर्मवेअर (कारखान्यातच भरलेला प्रोग्रॅम), तिला संगणकाशी जोडणारी कंट्रोलर चिप, केबल, मदरबोर्डवरील बायोस (संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि कार्यप्रणालीची आवृत्ती या सहांपैकी प्रत्येकाचे शेकडो प्रकार बाजारात आहेत. त्यांच्या जोड्या किती होतील याचा हिशेब मांडायला गणिताचा शिक्षक लागणार नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर यांपैकी फार तर दहा-वीस जोड्या असतात. दोष नेमका तिथे नसलेल्या जोडीत निघतो, कारण त्याच्या समोर असलेल्या जोड्यांतला दोष त्याने आधीच काढून टाकलेला असतो. म्हणजे तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिचे यंत्र त्याच्याजवळ नसते, ही योगायोगाची नव्हे तर ठरलेलीच गोष्ट आहे. अशा वेळी त्याच्या हाती यंत्र येऊ शकत नाही. यंत्राचे वर्णन तेवढे येऊ शकते.

हे वर्णन किती मोलाचे असते, याचे २०१८ सालचे एक उदाहरण माझ्या व्यवसायातील मंडळींना चांगले आठवत असेल. लिनक्स कर्नेलची (कार्यप्रणालीच्या गाभ्याची) ४.१९ ही आवृत्ती २२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली. नोव्हेंबरमध्ये तक्रारी येऊ लागल्या की, या आवृत्तीवर चालणाऱ्या काही संगणकांवरील फाइल बिघडत आहेत. डिस्कवर फाइलींची मांडणी सांभाळणारी जी व्यवस्था असते, तिला फाइल-प्रणाली म्हणतात. तक्रारींमध्ये नाव 'एक्स्ट-फोर' या फाइल-प्रणालीचे होते, कारण पडद्यावर उमटणारा संदेश तिचा होता. आग लागली म्हणून ओरडणाऱ्यालाच लोकांनी आग लावणारा ठरवावे, तसा हा प्रकार होता.

एक्स्ट-फोरची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांना हा दोष स्वतःच्या यंत्रांवर काही केल्या उभा करता येईना. त्यांच्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या आणि लोकांच्या फाइल मात्र बिघडत होत्या. तेव्हा त्यांनी तक्रारदारांसमोर एक प्रश्नावली ठेवली आणि त्यांच्या यंत्रांची व मांडणीची माहिती मागवली. एवढ्या अनुभवी माणसाने 'मला दिसत नाही, म्हणजे तुमचीच डिस्क खराब असेल' असे म्हणून तक्रार मिटवून टाकली नाही, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या धंद्यात ते वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, आणि मीही ते उच्चारलेले आहे.

माहिती येऊ लागली तशी संशयाची जागा बदलत गेली. ज्यांनी कर्नेलला एक विशिष्ट सूचना देऊन डिस्ककडे कामे पाठवण्याची नवी पद्धत बंद केली आणि जुनी चालू ठेवली, त्यांचा त्रास थांबत होता. ही नवी पद्धत साटा जोडणीच्या साध्या डिस्कांसाठीही आपोआप लागू होण्यास ४.१९पासूनच सुरुवात झाली होती. त्यातही, डिस्ककडे जाणाऱ्या कामांचा क्रम लावणारा 'शेड्यूलर' ज्यांच्याकडे अजिबात नव्हता, दोष त्यांच्याकडे होता. हा शेड्यूलर असणे वा नसणे हे कर्नेल कोणी, कोणते पर्याय निवडून बांधले आहे, यावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच कारखान्यातील एकच डिस्क एकाच्या घरी ठणठणीत आणि दुसऱ्याच्या घरी फाइल खाणारी, असे चित्र दिसत होते आणि नुसत्या डिस्कच्या नावावरून कोणालाही काही कळणे शक्य नव्हते.

शेवटचा धागा एका सामान्य वापरकर्त्याने हाती दिला. त्याने हा दोष आभासी संगणकावर (संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकावर) हमखास घडवून आणला आणि मग आवृत्तीतील बदलांचे निम्मे-निम्मे भाग तपासत नेमक्या एका बदलापर्यंत तो पोहोचला. ज्यांना ही पद्धत नवीन असेल त्यांच्यासाठी सांगतो : सोळा हजार बदलांमध्ये दोषी एकच असेल, तर दर वेळी निम्मे बाजूला काढत गेल्यास चौदा फेऱ्यांत तो सापडतो. फेऱ्या चौदाच असल्या तरी प्रत्येक फेरीत कर्नेल बांधायचे, संगणक चालू करायचा आणि फाइल बिघडण्याची वाट पाहायची असते, आणि 'बिघडली नाही' हे किती वेळाने ठरवायचे याचा निवाडाही स्वतःच करायचा असतो.

तो दोष काय होता, हे मला आमच्या गावच्या ट्रान्सपोर्टच्या भाषेत सांगता येईल. ट्रकमध्ये माल भरला, किती नग आहेत ते लिहून बिल्टी फाडली आणि ट्रक गोदामाच्या दारात गेला. दारावरचा माणूस म्हणाला, "आत जागा नाही, थांबा." ट्रक परत रांगेत आणून लावला. रांगेत उभा असताना कोणीतरी पाहिले की त्याच गोदामात जाणारा आणखी माल आहे आणि ट्रकमध्ये जागाही आहे, म्हणून तोही त्यातच चढवला. पण बिल्टी मात्र जुनीच राहिली. पुढे गोदामात जुन्या बिल्टीवर लिहिले होते तेवढेच नग उतरले, आणि सगळा माल पोहोचला अशी नोंद झाली. डिस्ककडे पाठवलेल्या कामाला 'सध्या सवड नाही' असे उत्तर आले की कर्नेल ते काम परत रांगेत ठेवी आणि रांगेत त्याला शेजारचे दुसरे काम जोडले जाई. परंतु कोणता मजकूर स्मृतीत कोठे उतरवायचा याचा तक्ता आधीच तयार झालेला असल्याने प्रत्यक्षात मूळ कामापुरताच मजकूर वाचला वा लिहिला जाई. वाचताना असे झाले की उरलेल्या जागेत पूर्वीचा जो काही कचरा पडलेला असेल तोच फाइलीचा मजकूर समजला जाई, आणि एक्स्ट-फोर तो कचरा पाहून आरडाओरडा करी. कर्नेलमधील डिस्ककडे कामे पाठवणाऱ्या भागाची देखभाल करणारे जेन्स ॲक्सबो यांनी केलेली दुरुस्ती ४.१९.८ या आवृत्तीत ८ डिसेंबर २०१८ रोजी लोकांपर्यंत पोहोचली. तोपर्यंत दीड महिना उलटला होता. दारावरून परत आलेल्या ट्रकमध्ये नवा माल चढवायचा नाही, एवढेच त्या दुरुस्तीचे सार आहे.

या दीड महिन्यात ज्यांनी आपापल्या यंत्रांची माहिती दिली, त्यांच्यापैकी बहुतेकांना शेवटी सापडलेल्या कारणाचा अंदाजही नव्हता. त्यांनी निदान करायचे नव्हतेच. आपल्याकडे काय आहे ते जसेच्या तसे सांगायचे होते. आमच्याकडे याच्या नेमके उलट चालते. ग्राहक निदान घेऊन येतो, "व्हायरस आहे", "विंडोज उडाली", आणि डिस्क कोणत्या मॉडेलची आहे हे विचारले की "काळी आहे" असे सांगतो.

मॉडेलच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. लिनक्समध्ये साटा डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या पोटात एक यादी आहे. ज्या डिस्क एखादी गोष्ट करता येते असे सांगतात पण प्रत्यक्षात ती करताना गडबडतात, त्यांची नावे तिच्यात असतात, आणि ती डिस्क जोडली गेली की ड्रायव्हर ती गोष्ट तिला करायला सांगतच नाही. त्या यादीत क्रुशल कंपनीच्या एमएक्स१०० या मालिकेतील ५१२ जीबीची डिस्क वेगळी काढलेली आहे. तिचे फर्मवेअर 'एमयू०१' असेल तर तिच्यावर दोन गोष्टींची बंदी आहे, आणि फर्मवेअर त्यानंतरचे असेल तर एकीचीच. त्याच कंपनीच्या एम५०० मालिकेत ४८० जीबी व त्याहून मोठ्या डिस्कांसाठी एक नियम आणि लहान डिस्कांसाठी दुसरा. म्हणजे कंपनी तीच, मालिका तीच, वेष्टन तेच, आणि केवळ साठवणक्षमतेने किंवा फर्मवेअरच्या एका आकड्याने वागणूक बदलते. 'क्रुशलची डिस्क आहे' एवढेच कोणी कळवले असते, तर प्रोग्रामरपुढे दोनच मार्ग उरले असते : सगळ्याच डिस्कांवर बंदी घालून चांगल्या डिस्कांनाही मंद करायचे, किंवा तक्रार फडताळात ठेवून द्यायची.

ही माहिती कशी मागावी, याचाही एक चांगला नमुना त्याच काळातला आहे. २०१७च्या अखेरीस रेड हॅट या लिनक्स कंपनीतील हान्स डे गूडे यांनी लॅपटॉपची बॅटरी अधिक टिकावी म्हणून डिस्कची जोडणी मोकळ्या वेळात कमी विजेवर ठेवण्याची सोय फेडोरा लिनक्सच्या २८व्या आवृत्तीसाठी करायचे ठरवले, आणि आधी लोकांना आपापल्या यंत्रावर ती तपासून पाहण्याची विनंती केली. तिच्यात काय मिळणार हे सांगितले होते : रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपवर सुमारे एक ते दीड वॅटची बचत. धोका काय तेही सांगितले होते : काही डिस्कांवर मजकूर बिघडल्याच्या जुन्या तक्रारी आहेत, तेव्हा आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा. आणि नेमके काय कळवायचे तेही : लॅपटॉपचे मॉडेल, डिस्कचे मॉडेल, बदलाच्या आधीचा व नंतरचा विजेचा आकडा. अनुक्रमांक (सिरियल नंबर) त्यात नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. मागणाऱ्याने हेतू, जोखीम आणि मोजकी यादी अशी पुढ्यात ठेवली की देणाऱ्याच्या मनात शंकेला फारशी जागा उरत नाही.

सगळेच असे मागत नाहीत, आणि या बाबतीत बाईंच्या लाल रेघा मला पूर्णपणे चुकीच्या वाटत नाहीत. 'सगळा लॉग पाठवा' असे म्हणणे मागणाऱ्याला सोयीचे असते. देणाऱ्याला त्या लॉगमध्ये काय-काय आहे याची कल्पना नसते. कर्नेलच्या लॉगमध्ये यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक असतो, नेटवर्क कार्डाचा पत्ता असतो, आणि वाय-फाय चालू असेल तर आपण ज्या राउटरला जोडलेलो आहोत त्याचाही पत्ता असतो. अशा राउटर-पत्त्यांवरून ठिकाण शोधून काढणाऱ्या सेवा अस्तित्वात आहेत. डिस्कचे आरोग्य सांगणारा 'स्मार्टसीटीएल'चा अहवालही सुरुवातीच्या चार-पाच ओळींतच अनुक्रमांक छापतो. दोष शोधायला यांपैकी काहीच लागत नाही. लिनक्सवरील यंत्रांची माहिती गोळा करणारे 'एचडब्ल्यू-प्रोब' हे साधन अनुक्रमांक तसाच न पाठवता त्यावरून गणिताने काढलेली एक खूण पाठवते. खुणेवरून अनुक्रमांक परत काढता येत नाही, पण तेच यंत्र दुसऱ्यांदा आले तर ओळखता येते. हे करता येते, म्हणजे न करणाऱ्यांकडे ठोस सबब नाही.

भाषेचा मुद्दाही मला मांडावासा वाटतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. अनुक्रमांक वगळलेली डिस्कची माहिती ही 'वैयक्तिक' ठरते की नाही, हे वकिलांनी सांगावे. पण ज्याच्याकडून काही मागायचे त्याला ते त्याच्या भाषेत समजावे, ही अपेक्षा कायदा नसता तरी रास्तच आहे. फुकट आणि फावल्या वेळात काम करणाऱ्या एकट्या प्रोग्रामरकडून मी ही अपेक्षा करणार नाही. परंतु मराठी माणसांना लाखो संगणक विकणाऱ्या कंपन्या आपल्या प्रोग्रॅममध्ये 'निदानासाठी माहिती पाठवू का?' अशी खिडकी उघडतात आणि तिच्यातला मजकूर एकतर इंग्रजीत असतो, नाहीतर 'निदानात्मक विदा सामायिक करा' अशा मराठीत, जे वाचून इंग्रजी परवडले असे वाटते. 'तुमची डिस्क कोणत्या कंपनीची व कोणत्या मॉडेलची आहे आणि ती कधी अडकली, एवढेच आम्ही पाहू. तुमच्या फाइल पाहणार नाही', हे साध्या मराठीत लिहायला कोणाची हरकत आहे?

आता आपल्या बाजूचे. काय झाकायचे हे वर आलेच : अनुक्रमांक, नेटवर्क कार्ड व राउटरचे पत्ते, संगणकाला दिलेले नाव त्यात आडनाव वा शाळेचे नाव असेल तर तेही, आणि फाइलींची नावे. यांच्या जागी फुल्या माराव्यात, ओळ मात्र काढून टाकू नये. लोक नेमकी हीच चूक करतात. ज्या ओळीवर 'एरर' असे लिहिलेले असते तेवढी एकच ओळ कापून पाठवतात आणि बाकीचा पसारा नको म्हणून वगळतात. पण ती ओळ म्हणजे पडझडीचा शेवटचा आवाज असतो. भिंतीला तडा चाळीस ओळी आधी गेलेला असतो, कधी-कधी संगणक चालू होतानाच, आणि ती ओळ दिसायला अगदी निरुपद्रवी असते. फर्मवेअरचा आकडा, उत्पादक व वस्तू यांचे चार-चार अक्षरांचे सांकेतिक क्रमांक आणि कर्नेलची पूर्ण आवृत्ती (नुसते 'उबंटू, अद्ययावत' नव्हे) यांना हात लावू नये. यंत्राची ओळख त्यांतच असते आणि माणसाची ओळख त्यांत नसते.

ज्यांना काही त्रास नाही, त्यांच्या उत्तरांचेही मोल तेवढेच असते, आणि ती जवळजवळ कधीच येत नाहीत. दहा तक्रारदारांची डिस्क एकाच कंपनीची निघाली तर दोष त्या कंपनीचा, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण त्या कंपनीच्या डिस्क बाजारात सर्वाधिक खपत असतील, तर दहांपैकी अनेक जणांकडे ती असणारच. त्याच मॉडेलची, त्याच फर्मवेअरची डिस्क विनातक्रार वापरणाऱ्या शंभर जणांनी 'आमच्याकडे ठीक आहे' असे कळवले, तरच संशय पुढे सरकू शकतो.

ऑगस्ट २०२५मध्ये असाच घाईचा निष्कर्ष काढला गेला. विंडोज ११च्या एका मासिक अद्ययावतीनंतर मोठ्या फाइल लिहिताना एसएसडी (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क) नाहीशा होतात, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या, आणि बघता-बघता 'धोकादायक डिस्क' अशा याद्या समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. फिसॉन या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचे नाव त्यांत ठळक होते. तिच्या नावाने एक बनावट दस्तऐवजही पसरवला गेला. कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या केल्याचे आणि दोष उभा न राहिल्याचे जाहीर केले, मायक्रोसॉफ्टनेही त्या अद्ययावतीशी संबंध आढळला नाही असे सांगितले आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडून तपशील मागवले. फिरणाऱ्या त्या याद्यांपैकी ज्या माझ्या फोनवर आल्या, त्यांपैकी एकीतही फर्मवेअरची आवृत्ती नव्हती. कराडात बसून मी त्या आठवड्यात किमान पंधरा जणांना सांगितले की, घाबरून डिस्क बदलू नका, प्रत काढून ठेवा; आणि एकालाही 'तुमच्या डिस्कचा आकडा लिहून द्या' असे सांगायचे मला सुचले नाही, ही माझी चूक.

आता बाईंची डिस्क. उत्तरातला एक प्रश्न असा होता की, केसिंगच्या आत चिप कोणती आहे? शाळेने एकाच दिवशी, एकाच पावतीवर, एकाच नावाची दोन केसिंग घेतलेली होती; दुसरे मुख्याध्यापकांच्या कपाटात होते आणि त्याची कधीच तक्रार नव्हती. मी बाईंना ते आणायला सांगितले आणि दोन्ही केसिंगची झाकणे उघडली. बाहेरून नाव, रंग, खोका, बारकोडखालचा मॉडेल क्रमांक, सारे सारखे. आत पाहिले तर एका पट्टीवर एका कंपनीची चिप आणि दुसरीवर भलत्याच कंपनीची. विकणाऱ्याने ज्या आठवड्यात जी चिप स्वस्त मिळाली ती लावली असणार. संगणकाला जोडल्यावर दोघींचे सांकेतिक क्रमांक वेगळे दिसले, आणि दोन्ही केसिंग 'यूएएस' या नव्या, वेगवान ड्रायव्हरवरच चालत होती. बाईंच्या केसिंगला तो ड्रायव्हर वापरू नको अशी सूचना देऊन, म्हणजे जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर ते चालवून, मी बारा जीबीची फाइल तीनदा टाकली. वेग थोडा कमी झाला, पण डिस्क एकदाही नाहीशी झाली नाही.

'यूएएस'वर गडबडणाऱ्या अशा नमुन्यांसाठी लिनक्समध्ये एक वेगळी फाइल आहे. तिच्या माथ्यावरच लिहिलेले आहे की, नवी नोंद घालायची असेल तर त्या वस्तूचा 'एलएसयूएसबी' या, यूएसबी वस्तूंची माहिती छापणाऱ्या आज्ञेचा सविस्तर निकाल सोबत जोडा. तिच्या जुन्या भावंडात, म्हणजे जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरच्या यादीत, तर अशी शेकडो उपकरणे आहेत, जुने कॅमेरे, कार्ड-रीडर, म्युझिक प्लेअर, आणि पुष्कळ नोंदींच्या डोक्यावर ती माहिती कळवणाऱ्या सामान्य वापरकर्त्याचे नाव आहे. एखादी नोंद आता अनावश्यक झाली आहे असे कर्नेलच्या लक्षात आले, तर ते स्वतःच लॉगमध्ये 'कृपया या संदेशाची प्रत पाठवा' असे छापते. प्रोग्रॅमनेच वापरकर्त्याला विनंती करावी, इतकी ही जुनी रीत आहे.

बाईंनी माझ्यासमोर बसून माहिती पाठवली. दोन्ही केसिंगचे सविस्तर निकाल, एकातून अनुक्रमांक पुसलेला, दुसऱ्यात अनुक्रमांक म्हणून कारखान्याने एक ते नऊ आकडेच ओळीने छापलेले होते, त्यामुळे पुसायचे काही उरले नव्हते आणि बाईंना त्याचे हसू आले. कर्नेलची आवृत्ती, डिस्क नाहीशी होण्याच्या आधीच्या दोनशे ओळी, चिपवरील अक्षरांचा मोबाइलने काढलेला फोटो, आणि सूचना देऊन घेतलेल्या तीन चाचण्यांचा निकाल. इंग्रजी मजकूर भाच्याने फोनवर सांगितला, बाईंनी टाइप केला. 'दुसरे केसिंग त्याच संगणकावर, त्याच केबलने, त्याच डिस्कसह नीट चालते' हे वाक्य मात्र त्यांनी स्वतः घातले, आणि मला विचाराल तर त्या सबंध पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच होते.

उत्तर अजून आलेले नाही. बिघडलेले केसिंग परत करून नवे घेऊ या, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे; मी त्यांना थोडे थांबायला सांगितले आहे. दोन्ही केसिंग, ती डिस्क आणि ती केबल एका पिशवीत घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून दुकानाच्या कपाटात ठेवली आहेत, कारण पुढचा प्रश्न येईल तेव्हा नेमक्या याच वस्तू पुन्हा जोडून पाहाव्या लागतील.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
कराड, जि. सातारा